भोवऱ्यांची चादर

थर्मास घेऊन मारिविक खाली उतरली तेव्हा अकरा वाजून गेले होते. इस्पितळाच्या फाटकाबाहेर आल्याची पेज विकणारी बाई गरम पाणी फुकट द्यायची. अट एकच, पेज घ्यायची. मारिविक रोज एक वाडगा घ्यायची, निम्मी उभ्याउभ्या खायची आणि निम्मी झाकण लावून नणंदेसाठी वर न्यायची. नणंद रोज म्हणायची, "निम्मीच?" आणि रोज वाडगा बोटाने निपटून काढायची.

मारिविकच्या लग्नाला चार महिने झाले होते. त्यातले नवऱ्यासोबतचे दिवस अठरा. एकोणिसाव्या दिवशी रोमेल मालवाहू जहाजावर चढला आणि तिच्या वाट्याला आली त्याची आई, नानांग कॉन्सिंग; नानांग म्हणजे आईच. नानांगला सून आवडत नव्हती असं कुणी म्हणू नये. सुनेने केलेली प्रत्येक गोष्ट तिला फक्त पुन्हा एकदा करून दाखवायला आवडे.

"तांदूळ किती वेळा धुतलेस, सूनबाई?"

"दोनदा, नानांग."

"दोनदा? मग पहिल्यांदा काय नुसती ओळख करून घेतलीस त्यांची?"

तीच नानांग आता वरच्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात, सहा नंबरच्या खाटेवर गप्प पडली होती. न्यूमोनियाने छाती भरली होती. घशात नळी, आणि नळीच्या टोकाला नारळाएवढा रबरी फुगा. श्वास देणारी यंत्रं इस्पितळात दोनच होती आणि दोन्ही अडकलेली. "एक रिकामं झालं की तुम्हालाच," डॉक्टर म्हणाले होते. यंत्र रिकामं कसं होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि यांनीही विचारलं नाही. तोवर घरच्यांनी फुगा हाताने दाबायचा. इथे सगळे तेच करतात.

नर्सबाईंनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं. "एक, दोन, तीन, चार, दाब. एक, दोन, तीन, चार, दाब. झोप आली तर उभं राहायचं. शिंक आली तर हात सोडून शिंकायचं नाही."

"आणि थांबलं तर, मॅम?"

नर्सबाईंनी तिची बोटं फुग्यावर नीट बसवली. "थांबायचं नाही," त्या म्हणाल्या.

रात्री नणंदेचा नवरा, त्याला संध्याकाळी नणंदच आणून सोडायची; पहाटेपासून नणंद फेलिसा, आणि दुपारी बारापासून दिवे लागेपर्यंत मारिविक. आज तिसरा दिवस होता.

"ये, ये. तीन मिनिटं उशीर," फेलिसा फुग्यावरून नजर न काढता म्हणाली. "हात पुसलेस? पेज निम्मीच?"

"हो, मनांग." थोरल्या बायकांना इथे मनांग, म्हणजे ताई, म्हणतात.

"माझ्या पाळीत आईचे ओठ बघ कसे आहेत. तुझ्या पाळीत निळे पडतात." फेलिसाने फुगा तिच्या हातात दिला, मोजणी चुकू नये म्हणून दोघींनी एकदा एकत्रच दाबला. मग उठता उठता, कमरेवर हात ठेवून, ती हळू आवाजात म्हणाली, "हे बघ, व्हायचं ते देवाच्या हातात. पण तुझ्या पाळीत होऊ देऊ नकोस. रोमेलला सांगताना 'बायकोच्या हातात गेली' असं मला म्हणायला लागलं, तर ते त्याच्या डोक्यातून जन्मभर जायचं नाही."

मारिविकने मान हलवली. तिला वाटलं, माझ्या तरी कुठे जाणार आहे.

नानांगच्या पायांवर तिची चादर होती. हातमागाची, निळी-पांढरी, नानांगने स्वतःच्या लग्नाआधी विणलेली. चादरभर भोवऱ्यांची नक्षी. एकटक बघितलं तर भोवरे फिरायला लागत. ते मुद्दामच तसं विणतात. वाऱ्यावरची बला अंथरुणापाशी आली की त्या भोवऱ्यांत तिचे डोळे फिरतात, ती वाट चुकते आणि आत शिरू शकत नाही. फेलिसा आईला इस्पितळात आणताना कागदपत्रं घरी विसरली होती. चादर विसरली नव्हती.

*

सात नंबरच्या खाटेवर आपोंग पोरिंग, म्हणजे पोरिंगआजी, होती. डोंगराकडच्या कुठल्याशा वस्तीवरून गावपंचायतीच्या गाडीने आणून टाकलेली, मुठीएवढी म्हातारी. तिच्यासोबत कुणी नव्हतं. या इस्पितळात औषध नर्स देते, पण पाणी पाजायचं, कूस बदलायची, भांडं द्यायचं, ते सोबतिणीने. दर पेशंटमागे एक सोबतीण, तिच्या गळ्यात एक पास. आणि ज्या पेशंटला सोबतीण नाही, तिचं बाकी सगळ्यांनी मिळून करायचं. म्हणजे ज्याला वेळ असेल त्याने.

वेळ असायचा तो समोरच्या खाटेच्या मनांग लोर्नाला. ती स्वतःच्या आईपाशी सव्वा महिना होती आणि वॉर्डाची मालकीण असल्यासारखी वावरायची.

"आपोंगला आज काय झालंय कळत नाही," पदरासारखा टॉवेल खांद्यावर टाकत लोर्ना म्हणाली. "सकाळपासून कोंबड्यांना हाका मारतेय. मी म्हटलं, आपोंग, इथे कोंबडी नाही हो. सूप मिळतं, त्यातही नाही."

आपोंग खरंच हाका मारत होती. जीभ टाळूला लावून, हलकेच, "कुर्र... कुर्र... कुर्र..." आणि सुरकुतलेली बोटं चादर नसलेल्या गादीवर दाणे टाकल्यासारखी हलत होती.

"त्यांना कोण घालणार गं," तिने मारिविकला विचारलं. "सात आहेत. एक आंधळी आहे."

"शेजारी घालतील, आपोंग."

"शेजारी खातील," आपोंग म्हणाली. एवढं मात्र तिला बरोबर कळत होतं.

लोर्ना औषध आणायला खाली गेली. वॉर्डात दुपार पसरली. बारा खाटा, बारा डबे, फिनाईल आणि लघवी आणि संत्र्याच्या सालीचा वास. पेशंट झोपलेले, सोबतिणी खाटांखाली पुठ्ठे पसरून झोपलेल्या. एक, दोन, तीन, चार, दाब. वरचा पंखा दर फेऱ्याला एक टिचकी मारत होता. त्या टिचकीवर मारिविकने मोजणी बसवून घेतली होती.

मग वीज गेली.

पंखा तीन-चार फेरे उगाचच फिरला आणि थांबला. जनरेटर ऑपरेशनच्या खोलीसाठी आणि त्या दोन यंत्रांसाठीच होता. एकाएकी वॉर्डात असं सामसूम झालं की मारिविकला फुग्याचा आवाज प्रथमच ऐकू आला. फूस्स... फूस्स... कुणीतरी आजारी माणूस आपल्या हातांत झोपलं आहे असा.

"लेकी," आपोंग पोरिंग म्हणाली. "थंडी वाजते."

घाम मारिविकच्या पापण्यांवरून उतरत होता. "थंडी, आपोंग?"

"पायांतून येतेय... वर येतेय."

"मॅम!" मारिविकने हाक मारली. वॉर्डाच्या टोकाला, दाराबाहेर, नर्सबाईंचा धावतानाचा आवाज येत होता. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळंतपण अडलं होतं. "मॅम! सात नंबर!" उत्तर आलं नाही. खाटेखालची एक सोबतीण कूस बदलून घोरायला लागली. तीन दिवसांच्या जाग्रणाची झोप हाकांनी मोडत नाही.

"माझा हात धर गं जरा," आपोंग म्हणाली.

दोन खाटांमध्ये हातभर अंतर होतं. हातभरच. पण मारिविकचे दोन्ही हात फुग्यावर होते.

"येते हां, आपोंग. नणंद आली की येते."

"नणंद कधी येणार?"

"संध्याकाळी."

आपोंग हसली. दात नव्हते, पण हसणं पोक्त होतं. ज्याने घड्याळ बघून ठेवलंय त्याचं हसणं. मारिविकला ते सहन झालं नाही. एक, दोन... तिने उजवा हात सोडला, डाव्याने फुगा छातीशी धरून कोपराने दाबला, आणि उजव्या हाताने नानांगच्या पायांवरची चादर ओढून सात नंबरवर फेकली. ती आपोंगच्या पोटावर पडली. आपोंगने तिचं टोक डाव्या मनगटाभोवती गुंडाळलं, एक वेढा, दोन वेढे, तीन, गाईचं दावं हाताला गुंडाळतात तसं, आणि वर गाठ मारली.

"ऊबदार आहे," ती म्हणाली. मग नक्षीकडे बघत राहिली. "फिरतंय गं हे."

"बघू नका त्याच्याकडे. डोळे मिटा."

"मला घरी ने."

"हो, आपोंग."

"हो म्हणू नकोस नुसतं. नेशील?"

काय बोलणार माणूस? मरणाऱ्याला कुणी नाही म्हणतं का? मारिविकचे खांदे पेटले होते, बोटं कधीच बधिर झाली होती, आणि नानांगचे ओठ, तिला वाटलं, निळे दिसत होते. "नेते," ती म्हणाली. "नेते, आपोंग. घरी नेते. गप्प पडा आता."

आपोंग पोरिंग गप्प पडली.

मारिविक तिच्याकडे बघत होती. बघण्यावाचून काही करता येत नव्हतं. चादरीखालची छाती वर आली. खाली गेली. वर आली. खाली गेली. मग ती वर येण्याची मारिविक वाट बघत राहिली. एक, दोन, तीन, चार, दाब. एक, दोन, तीन, चार, दाब. "मॅम!" ती पुन्हा ओरडली. हातात श्वास होता, पण तो सहा नंबरचा होता. हातभर पलीकडे एक माणूस श्वासाविना पडलं होतं, डोळे उघडे, तिच्यावर लावलेले, आणि ती त्या डोळ्यांत बघत दुसऱ्याच छातीत हवा भरत होती.

किती वेळ गेला कोण जाणे. पंखा नव्हता, टिचकी नव्हती.

मग फुगा हलका झाला.

असं वाटलं, की दाबायच्या आधीच तो तिच्या हातांत दबतोय. चारला दाबायचं, तर तिनालाच आत ओढला जातोय. तिने खाली बघितलं. नानांगची छाती आपणहून वर येत होती.

वीज आली. पंख्याने पहिली टिचकी मारली, आणि नर्सबाई धावत आल्या. त्यांनी आधी सात नंबर बघितला, मग सहा, मग दोन्हींच्या मधे उभ्या राहिल्या. "अरे देवा," त्या म्हणाल्या. "हिचा स्वतःचा श्वास सुरू झालाय!"

*

दुसऱ्या दिवशी नळी काढली. पाचव्या दिवशी नानांगने पेज प्यायली. डॉक्टरांनी मारिविकच्या खांद्यावर हात ठेवला आणि इतर सोबतिणींना सांगितलं, हिच्याकडून शिका. फेलिसाने एवढंच म्हटलं, "बघ, माझं ऐकलंस म्हणून." पण त्या दिवशी पेजेचा अख्खा वाडगा तिने मारिविकला दिला.

चादरीचं कुणी काही बोललं नाही. आपोंगला नेताना कामगाराने तिच्या मनगटाची गाठ दातांनी सोडवली, कारण ती हाताने सुटेना. नर्सबाईंनी चादर झटकून, घडी करून सहा नंबरच्या पायांवर ठेवली होती. फेलिसा संध्याकाळी आली तेव्हा चादर जागच्या जागी होती. ती धुवायला हवी, मिठाच्या पाण्यातून काढायला हवी, निदान सांगायला तरी हवं, हे मारिविकला कळत होतं. पण आईची चादर परक्या मरणाऱ्या बाईवर टाकली म्हटल्यावर फेलिसा काय म्हणाली असती, हेही तिला कळत होतं.

घरी निघायच्या दिवशी बोलावणं करायचं होतं. माणूस निघतो, पण त्याचा जीव जरा मंद असतो. जिथे फार सोसलं तिथे तो बसून राहतो, शरीर पुढे गेलं तरी. म्हणून निघताना त्याच्याच अंगावरचं वस्त्र हलवत, मागे न बघता, नाव घेऊन त्याला हाका मारायच्या. मारिविक सासरी निघाली तेव्हा तिची आईही तिचं जुनं पोलकं हलवत ओरडली होती, "चल मारिविक, मागे राहू नकोस." मारिविकला अजूनही वाटे, थोडी राहिलीच आपण.

नानांगला चाकाच्या खुर्चीत बसवलं. फेलिसाच्या नवऱ्याने तीनचाकी आणून फाटकापाशी लावली. फेलिसाने चादर उलगडून मारिविकच्या हातात दिली. "तू सून आहेस. तूच बोलाव."

"मनांग, ही चादर..."

"काय झालं चादरीला?"

"...धुतलेली नाही."

"धुतलेली कशी चालेल? अंगाचा वास कुठून येणार मग? तोंडात काय भात धरलायस, हाक मार! गाडीवाला थांबत नाही."

अख्खा वॉर्ड बघत होता. लोर्ना बघत होती. खुर्चीतून नानांगही बघत होती, शांत, जरा ओळख विसरल्यासारखी.

मारिविकने चादर हलवली. "नानांग कॉन्सिंग," ती म्हणाली, "चला, घरी जाऊ. मागे राहू नका." खुर्ची पुढे, ती मागे. सात नंबरची खाट रिकामी होती, प्लास्टिकची गादी दुमडून ठेवलेली. "नानांग कॉन्सिंग, चला, घरी जाऊ..."

चादरीचं टोक मागून कुणीतरी धरलं.

ओढलं नाही. झटका नाही. गर्दीत म्हातारं माणूस आपला पदर धरतं, हरवू नये म्हणून, तसं. मागे बघायचं नव्हतं. जिन्यावर पायरीगणिक चादर जड होत गेली. फाटकापाशी पोचेपर्यंत ती पावसात भिजल्यासारखी झाली होती, आणि हातात कोरडी होती.

"मागे राहू नका," तिसऱ्यांदा म्हणायचं होतं. तिने म्हटलं. कुणाला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

*

घरी नानांग झपाट्याने सुधारली. शेजारणी आल्या, फळं आली, प्रार्थना झाल्या. रोमेलचा कुठल्याशा बंदरावरून फोन आला, तो लहान पोरासारखा रडला आणि म्हणाला, "मारिविक, तू माझी आई परत आणलीस. नाताळात आलो की तिच्या हातचं खाईन."

पहिल्याच दिवशी मारिविकने मुद्दाम तांदूळ एकदाच धुतले. नानांग बघत होती. बघितलं, आणि म्हणाली, "दमली असशील, लेकी. बस."

लेकी. चार महिन्यांत तो शब्द या घरात कुणी उच्चारला नव्हता. मारिविकचे डोळे भरले. आधी आनंदाने, मग कशाने ते तिला कळेना.

नानांग चादर सोडत नव्हती. जेवताना, अंगणात, सगळीकडे. तिचं टोक डाव्या मनगटाभोवती तीन वेढे गुंडाळलेलं, वर गाठ. आणि ऊन कलू लागलं की ती मागच्या अंगणात जाऊन उभी राही, ओंजळीतून तांदूळ टाके आणि जीभ टाळूला लावून म्हणे, "कुर्र... कुर्र... कुर्र..."

या घरात कोंबडी कधीच नव्हती. नानांगला कोंबड्यांच्या वासाने शिसारी यायची. तिने आयुष्यभर डुकरं पाळली.

"आजारातून उठलं की माणूस बदलतं," फेलिसा म्हणाली. "आणि खरं सांगू का? बरंच झालं. मला काल म्हणाली, तू चांगली दिसतेस. माझी आई! मला!" ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा जरासा घाबरला. मग तिने विषय बदलला.

दहाव्या दिवशी मारिविक नानांगच्या जुन्या सपाता पिशवीत घालून इस्पितळात गेली. चादर आणता आली नाही. गाठ सुटत नव्हती. थर्मास विसरलाय असं तिने घरी सांगितलं.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने हात आडवा केला. "पास?"

"नाहीये. दोन मिनिटं वर जायचंय."

"पेशंट कोण?"

"सहा नंबर. कॉन्सिंग अग्बायानी."

त्याने वही चाळली. "त्या तर घरी गेल्या की. बऱ्या होऊन."

"हो."

"मग तू कुणाची सोबतीण?"

तो वाईट माणूस नव्हता. त्याने तिला सावलीत बसायला सांगितलं. पण पेशंट नाही तर पास नाही. बारा वाजता मनांग लोर्ना पाण्यासाठी खाली उतरली आणि तिला बघून थबकली. "अगं, तू? किती वाळलीस! सासू परत छळायला लागली वाटतं?"

"नाही, मनांग. फार प्रेमाने वागतात."

"मग आजारीच आहे अजून," लोर्ना खदखदली. मग थर्मास खाली ठेवून जवळ सरकली. "बरं झालं भेटलीस. तुमची ती सहा नंबरची खाट... तीन पेशंट बदलले गं तिच्यावर. टिकत नाही कुणी. म्हणजे मरत नाहीत, मागून घेतात दुसरी खाट. म्हणे दुपारी वीज गेली ना, पंखा थांबला की उशापाशी कुणीतरी म्हातारी पुटपुटते."

"काय पुटपुटते?"

"ते विचित्रच आहे. एक म्हणाली ती हिशेब विचारते, एक म्हणाली स्वयंपाकाचं काहीतरी. मी मग स्वतः बसले परवा." लोर्नाने आवाज आणखी खाली आणला. तिच्या तोंडावर आता हसू नव्हतं. "किती वेळा धुतलेस, असं विचारतेय. सारखं. किती वेळा धुतलेस... आणि मधेच, मला न्यायला कोण येणार आहे?"

मारिविकने सपाता तिच्या हातात दिल्या. "मनांग, तुम्ही बोलवाल? सहा नंबरपाशी. या हलवून. नाव घेऊन."

लोर्ना सपातांकडे बघत राहिली. कुणाच्या, ते तिने विचारलं नाही. दीड महिन्याच्या वर वॉर्डात राहिलेल्या बाईला काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत. तिने सपाता परत मारिविकच्या पिशवीत ठेवल्या, हलकेच. "परक्याच्या हाकेला येत नाही गं ते. घरच्यानेच बोलवायचं," ती म्हणाली. "आणि बोलावून नेणार कुठे? तिच्या घरात तर कुणीतरी राहतंय."

*

मारिविक परतली तेव्हा म्हातारी ओसरीत बसली होती, पाय सोडून, चादर मांडीवर.

"आली नाही ना?" तिने विचारलं.

आवाजात कुत्सितपणा नव्हता. काळजी होती. तेच भयंकर होतं.

"जेव, लेकी," ती म्हणाली. "मी तांदूळ धुऊन ठेवलेत."

जेवणं झाली. दुपार पसरली. बांबूच्या जमिनीवर दोघी आडव्या झाल्या, हातभर अंतर ठेवून. मारिविकला गेले दहा दिवस एक खोड लागली होती. तिचा उजवा हात झोपेतही उघडमीट करायचा. एक, दोन, तीन, चार, दाब. फेलिसा त्यावरून चिडवायची, "अगं, आई बरी झाली, आता तरी सोड." दुखऱ्या नसांची सवय, जाईल हळूहळू, असं मारिविकलाही वाटत होतं.

आज ती जागी होती. तिने हाताकडे बघितलं. मूठ मिटली, पलीकडे म्हातारीची छाती वर आली. मूठ उघडली, छाती खाली गेली. मिटली, वर. उघडली, खाली.

मारिविकने मूठ उघडीच ठेवली.

म्हातारीचा श्वास थांबला.

तिने डोळे उघडले आणि मान वळवून मारिविककडे बघितलं. धडपड नाही, राग नाही. त्या दुपारी बघितलं होतं तसंच, वाट बघत. एक, दोन, तीन, चार. घरात सामसूम झालं. पाच. सहा. आणि त्या थांबलेल्या श्वासाच्या पोकळीत, बांबूच्या घरात, उन्हात, फिनाईलचा वास आला. संत्र्याच्या सालीचा. कुठेतरी फार लांब, लांबलचक वऱ्हांड्याच्या टोकाला असावा तसा, पंखा थांबता थांबता टिचकी वाजली, आणि एक करकरीत, ओळखीचा, खोचक आवाज जवळ येऊ लागला...

"किती वेळा धुतलेस, सूनबाई?"

"नानांग!" मारिविक उठून बसली. "नानांग, इकडे! चला, घरी..."

आवाज थबकला. ऐकत होता. मारिविकला कळलं, थोडा वेळ, आणखी थोडाच वेळ मूठ उघडी ठेवली तर नानांग दारापर्यंत पोचेल. आणि तिने बाजूला बघितलं. नानांगचे ओठ, नानांगचाच चेहरा, निळा पडत चालला होता. सात. आठ. पोचली तरी तिला शिरायचं होतं ते याच छातीत, आणि ती तर थांबत चालली होती. नऊ. माझ्या पाळीत होऊ देऊ नकोस, फेलिसा म्हणाली होती. तिच्या हातचं खाईन, रोमेल म्हणाला होता. दहा.

मारिविकने मूठ मिटली.

छाती वर आली. फिनाईलचा वास गेला. वऱ्हांडा गेला. चादरीत गुंडाळलेला हात हातभर अंतर सरकत आला आणि त्याने मारिविकचा मोकळा हात धरला. त्या दिवशी धरायचा राहिला होता, तो.

"झोप, लेकी," म्हातारी म्हणाली. "नणंद संध्याकाळी येईल."

मागच्या अंगणात काहीतरी फडफडलं, आणि टाकलेले तांदूळ कुणीतरी टिपायला लागलं. टक्... टक्... टक्. मारिविक ऐकत राहिली. एक, दोन, तीन, चार, दाब. सहा चोची होत्या, भराभर, नेमक्या दाण्यावर. सातवी तेवढी जमिनीवर नुसतीच चाचपडत होती.